थेंबभर रक्त

उंदराच्या शेपटीतून घेतलेला रक्ताचा थेंब जाड कागदावर वाळायला ठेवला, की तो लाल राहत नाही. हळूहळू गंजाच्या रंगाचा होत जातो. उंदराला दिलेलं औषध त्याच्या अंगात किती उरलंय, हे त्या डागावरून कळतं. पूर्वी रक्त जास्त लागायचं, म्हणून दर वेळी नवा उंदीर घ्यावा लागे. आता थेंबभर पुरतं, म्हणून तोच तो परत येतो.

"किती जीव वाचले बघ," प्रयोगशाळेतली माझी सोबतीण शैला म्हणते. खरंच आहे ते. पण पूर्वी मला एकही उंदीर ओळखू येत नसे. कानाला खाच असलेला हा मात्र येतो. आधी फार धडपडायचा. आज मी प्लॅस्टिकची नळी समोर धरली, तर आपणहून आत शिरला आणि शेपटी बाहेर सोडून गप्प पडून राहिला. प्रयोग संपला की तो नसेल, डाग तेवढा राहील.

संध्याकाळी घरी आईची साखर तपासायला बसले. मी सुई काढायच्या आधीच, टीव्हीवरची नजर न हलवता, तिनं बोट पुढे केलं. मी ते नुसतंच धरून राहिले.

"टोच की," ती म्हणाली. "आता काही वाटत नाही मला."