बॉयलरदादांचा नाश्ता

कापड रंगवायच्या कारखान्यात रात्रपाळी सुटली की सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचे ते बॉयलरदादा. बाकीच्यांना हात धुतले की घर दिसायचं. दादांना मात्र दिवसपाळीचा जोडीदार आल्याशिवाय भट्टीसमोरून हलता येत नसे. बॉयलर म्हणजे काही पंखा नव्हे, बटण बंद केलं आणि निघालं. त्याच्या काचनळीत पाणी किती आहे हे कुणीतरी सतत बघत राहावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे रात्रभर दादा. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी पुकारलं जाई, तेव्हा तेही क्षणभर इकडेतिकडे बघत.

लग्न झालं त्या वर्षी ते रात्रपाळीला लागले, तात्पुरते म्हणून. तात्पुरतं म्हणता म्हणता डोक्यावरचे केस गेले, मुलगी लग्न होऊन लांब गेली, पण पाळी काही गेली नाही. आता तर सुटीच्या दिवशीसुद्धा उजाडलं की त्यांना जांभया येत आणि दिवे लागले की तरतरी.

बायको कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करायची. दादा सकाळी घरी पोचले की तासाभरात ती कामाला निघे, आणि संध्याकाळी ती परते तेव्हा दादा बूट चढवून दारात तयार. दारात किल्ली हातात देतात तेवढाच यांचा संसार, असं शेजारीण सांगत फिरायची. तिचं फारसं चुकत नव्हतं. सकाळचा तो एक तास तेवढा तिनं धरला नव्हता.

त्या तासाला दादांपुढे लोणी लावून भाजलेला पाव असे, त्यावर जाम, शेजारी दोन केळी आणि भरपूर साखरेचा दुधाळ चहा. रात्रभर धगीपुढे उभा राहिलेला माणूस पोटभर खाऊनच झोपला पाहिजे, हे बायकोचं मत होतं आणि त्यावर अपील नव्हतं. ती स्वतः ओट्यापाशी उभ्याउभ्याच चहा घ्यायची. कुणाच्या कोटाच्या खिशात काय सापडलं, मुलगी फोनवर काय म्हणाली, कारखान्यात कोण कुणावर खेकसलं, हे सगळं त्याच तासात व्हायचं. भांडायचं तरी त्याच तासात, त्यामुळे भांडणंही आटोपशीर असत.

त्या वर्षीच्या तपासणीत दादांच्या रक्तात साखर निघाली.

दवाखान्यातली डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. बाहेर बाकांवर ही गर्दी. तिनं भराभर पण नीट सांगितलं: मधुमेह आहे, दुसऱ्या प्रकारचा, घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. रोज एक गोळी नाश्त्याबरोबर. नाश्त्यातला पांढरा पाव, जाम आणि साखरेचा चहा बंद, केळी तूर्तास नको. त्याऐवजी अंडं, साधे ओट्स, बिनसाखरेचं दही, उकडलेले हरभरे, काकडी. रोज चालायचं. आणि घरी यंत्र आणून रोज सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या आधी, बोट टोचून साखर बघायची. काही विचारायचं आहे का, असं तिनं शेवटी विचारलंसुद्धा. दादा पाळी करून तसेच गेले होते. त्यांना विचारायचं एवढंच होतं की इथे कुठे पाठ टेकता येईल का. ते नाही म्हणाले. काम काय करता, तर बॉयलरवर. कुठल्या पाळीला, हे तिनं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

बायकोनं मात्र शब्द न् शब्द डोक्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी दादा घरी आले तर टेबलावर यंत्र मांडून ठेवलेलं. आधी बोट, मग नाश्ता. सुई टोचली, थेंब पट्टीला लावला, आकडा आला तो चढा. पहिलाच दिवस आहे, उतरेल, असं म्हणून तिनं ओट्स पुढे केले. दादांनी ते रंगाची खळ ढवळावी तसे ढवळून ढवळून संपवले.

आकडा उतरला नाही. आठवडा गेला, तरी नाही. मग बायकोनं ओट्स अर्धे केले. मग बंद केले. दही राहिलं, अंडं राहिलं, मग अंड्यातला पिवळा भाग गेला. दादांचा पट्टा एक भोक आत गेला आणि आकडा होता तिथेच. एखादा डाग का निघत नाही म्हणून दुकानात कपडा उजेडाकडे धरून बघतात, तसं ती दादांकडे बघू लागली. तिकडे काय खाता, खरं सांगा, म्हणाली. तू दिलेला डबाच खातो, दादा म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. डब्यात पूर्वीसारखाच दाबून भरलेला भात आणि बटाट्याची भाजी असायची. डॉक्टर नाश्त्याबद्दल बोलली होती, डब्याबद्दल नाही, मग डबा कशाला बदलायचा? पहाटे डोळे मिटायला लागले की कारखान्याच्या किटलीतला गोड चहा आणि बुडवायला बिस्किटं, हेही वर्षानुवर्षं चाललेलं. पण ते दादांनी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. काचनळीसमोर जागं राहायला घेतलेला चहा त्यांच्या लेखी खाण्यात जमाच नव्हता.

घरातला तो तास मात्र गेला. आता कोटाच्या खिशातल्या गोष्टी नाहीत, मुलीचा फोन नाही. आल्या आल्या बोट पुढे करायचं, आकडा बघायचा, तिचा चेहरा बघायचा, मग समोर येईल ते गिळायचं. दादा पाळी सुटल्यावरही भट्टीपाशी रेंगाळायला लागले. जोडीदार येऊन उभा राहिला तरी यांचा आपला राख ओढायचा दांडा हातातच. "दादा, घरी सासूबाई मुक्कामाला आल्यात का?" त्यानं विचारलं. दादा कसंनुसं हसले. साखरेचं त्यांना फारसं भय वाटत नव्हतं. त्यांच्या वयाच्या निम्म्या लोकांना ती असते. पण घरी जायचा कंटाळा येतोय, हे त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, आणि त्याचं भय वाटलं.

एके दिवशी टेबलावर फक्त काकडी होती.

"अगं, मी झोपायला चाललोय, उपास करायला नाही."

"आकडा तुमचा आहे, माझा नाही."

"मग तुझं टोच की एकदा. तू काय खातेस ते बघू."

तिनं नवी सुई घेतली, स्वतःचं बोट टोचलं, आणि यंत्र दादांच्या ताटलीशेजारी ठेवलं. नुकताच साखर घालून चहा प्यायली होती ती. तरी आकडा व्यवस्थित. "बघा," ती म्हणाली, "मीही याच घरातलं खाते." मग बोटाला फडकं गुंडाळून ती कामाला गेली, तासातला अर्धा तास शिल्लक ठेवून. दादा काकडीसुद्धा न खाता आडवे झाले. भुकेनं झोप लागेना. पडद्याच्या फटीतून उन्हाची रेघ आधी पायावर आली, मग पोटावर.

दवाखान्यात परत जायच्या दिवशी बायकोनं अर्धी रजा काढली. डॉक्टरपुढे बसल्या बसल्या तिनं तक्रार सुरू केली, शाळेत पोराची करावी तशी. नाश्ता काय काय दिला, काय काय काढलं, आकडा कसा ढिम्म हलत नाही, आणि हे गृहस्थ काही कबूल करत नाहीत. दादा टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत बसले. डॉक्टरनं यंत्रातले आकडे मागे मागे जात पाहिले.

"काका, काल रात्री किती वाजता जेवलात?"

"काल नाही, आज. दोनच्या सुमाराला डबा. मग पाचला चहा."

"पाचला? उठता किती वाजता?"

"उठतो कुठला. आता इथून गेलो की झोपणार."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, माझं चुकलं, असं तिनं सरळ सांगून टाकलं. मग बाहेरच्या गर्दीकडे न बघता समजावत बसली. उपाशीपोटी म्हणजे मोठी झोप झाल्यावर, उठल्या उठल्या. दादा उठतात दुपारी चारला, तर ती त्यांची सकाळ. सकाळी घरी आल्यावर जे यंत्रात दिसत होतं तो भात आणि गोड चहा होता. त्याच्यावर उपाय म्हणून ओट्स कमी करून काही होणार नव्हतं. नाश्ता चारला करायचा आणि पोटभर करायचा: अंडी अख्खी, ओट्स किंवा हरभरे, दही, काकडी, आणि त्याच्याबरोबर गोळी. डबा पाळीच्या सुरुवातीलाच खायचा, भात अर्धा, भाजी दुप्पट, बटाटा सोडून. पहाटेचा चहा बिनसाखरेचा. सकाळी झोपण्यापूर्वी काहीतरी हलकं, उगाच पोट भरायचं नाही. आजार खराच आहे, हेही तिनं पुन्हा बजावलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी होती, ती कधी खाल्लं ते विचारत नाही, आणि तीही वाढलेलीच होती.

पायऱ्या उतरताना दादांना स्वतःचंच हसू आलं. भट्टी धडाडून पेटलेली ठेवायची आणि बॉयलर गार का होत नाही म्हणून पाण्याला दोष द्यायचा, असा प्रकार. हे नव्या पोरानं केलं असतं तर त्यांनी त्याला रात्रभर सोडलं नसतं. त्यांनी बायकोला तसं सांगितलं. ती हसली नाही. खालच्या पायरीवर थांबली.

"चार वाजता मी कुठे असते?"

"दुकानात."

"तेच म्हणते मी."

पुढचे काही दिवस सकाळी दोघांनाही काय करावं कळेना. दादांपुढे अर्धा पेला दूध आणि मूठभर शेंगदाणे. करायला काही नाही म्हणून बायको पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. तू तरी बसून खा, असं दादांनी दोनदा सांगितल्यावर बसली, पण परक्याच्या घरी बसल्यासारखी, आणि पाव असा घाईनं संपवला की जणू समोरचा माणूस चोरी पकडायला बसलाय. दादांना जांभयांवर जांभया. उलटतपासणी संपली होती, आरोप संपले होते, पण गप्पा काही परत आल्या नाहीत. तास अर्ध्यावरच आटपायला लागला.

चारला गजर झाला की दादा उठायचे. सुनं घर, बाजूच्या इमारतीतून कुणाच्या तरी धुण्याच्या मशीनचा घरघराट. पहिल्या दिवशी अंडं उकळता उकळता फुटलं आणि पाण्यात पांढऱ्या चिंध्या झाल्या. त्यांनी ते गाळून, ओट्यापाशीच उभ्यानं खाल्लं. आकडा मात्र खाली आला होता, बराच खाली. सांगायला कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी दुकानात फोन लावला. मालकिणीनं उचलला. तिचे हात गुंतलेत, निरोप सांगा, म्हणाली.

"एकशे अठ्ठावीस, एवढंच सांगा."

"काय एकशे अठ्ठावीस? शर्ट?"

"साखर."

"किलो?"

शेवटी उलगडा झाल्यावर मालकिणीनं तिथूनच हाक मारून निरोप दिला. कपडे न्यायला आलेल्या रांगेला दादांची साखर कळली. दुसऱ्या सकाळी बायकोनं एवढंच सांगितलं की आता गिऱ्हाइकं तिला औषधं सुचवायला लागली आहेत, तेव्हा फोन नको.

त्या दुपारी दादांनी नाश्ता डब्यात भरला. अंडी, दही, काकडी, घट्ट झालेले ओट्स. डॉक्टरनं चालायला सांगितलंच होतं. दुकानाच्या मागच्या दारानं ते आत शिरले तेव्हा बायको एका कॉलरशी झटत होती. वाफेनं केस कपाळाला चिकटलेले. तिला असं काम करताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ती दिवसभर उभी असते हे ठाऊक होतं, पण पाय बदलत बदलत उभी असते, हे नव्हतं.

"इथे कशाला आलात?"

"नाश्त्याला."

तिनं मालकिणीकडे पाहिलं. मालकिणीनं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. अंड्याचा वास इस्त्रीच्या कपड्यांना लागता कामा नये, एवढी अट घातली. तेव्हा दादा मागच्या दारातल्या उलट्या बादलीवर बसले. आणि बसतात न बसतात तोच, बॉयलरवाले आहात तर आमची वाफेची नळी का फुसफुसते ते बघा जरा, असं फर्मान आलं. खाऊन झाल्यावर बघतो, म्हणाले दादा. त्यांना आधीच दमल्यासारखं वाटत होतं, आणि रात्र अजून पुढे होती.

ते रोज जाऊ लागले. कधी ती मान वर करायची, कधी गठ्ठा मोठा असला तर नुसतं ऐकायची.

"आज किती?" एकदा तिनं विचारलं.

"एकशे चाळीस."

"वाढली."

"पहाटे बिस्किट खाल्लं. चहा बिनसाखरेचा होता."

"एकच?"

"अडीच."

इस्त्री कॉलरवरून एकदा गेली, परत आली. ती ओरडेल म्हणून दादा चमचा हातात धरून थांबले. तिनं शर्ट उलटवला.

"त्या कोपऱ्यावरच्या बाई काल रडत होत्या," ती म्हणाली. "नवऱ्याचा कोट परत न्यायला आल्या, आणि नवरा वारलाय गेल्या महिन्यात. कोट धुवायला टाकलेला तसाच राहिला होता. मी पैसे घेतले नाहीत. मालकीणबाई रागावल्या."

"बरं केलंस."

"खा. दही कोमट होतंय."

त्यांनी खाल्लं. ओट्स आज अगदीच चिकट झाले होते, घशाखाली उतरेनात. तिला ते न सांगताही दिसलं असावं.

"उद्या हरभरे करू. सकाळी निघताना मी भिजत घालते, उठलात की तुम्ही कुकरला लावा."

"शिट्ट्या किती?"

तिनं इस्त्री उभी केली आणि त्या दिवसातलं पहिलं हसू हसली, दमलेलं. "जन्मभर बॉयलर चालवलात, आणि मला शिट्ट्या विचारता?"

"तो माझा बॉयलर. कुकर तुझा."

"चार," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट ओढून घेतला. "मीठ नंतर घाला."