ताटाभोवतीचं पाणी

"तो परत मध्ये पडला रे…" रेडमंडहून वसुधाचा फोन आला आणि पुढचं ती बोलायच्या आतच मला सगळं कळून चुकलं. तिचा नवरा दिनेश, नागपूरच्या कॉलेजपासूनचा माझा मित्र, दुकानाच्या पार्किंगमध्ये एका बाईला झोडपणाऱ्या माणसाच्या अंगावर धावून गेला होता. त्या माणसाने सुरा काढला. बाई वाचली. दिनेश तिथेच, किराणाच्या फुटलेल्या पिशव्यांशेजारी, रक्ताच्या थारोळ्यात गेला. आता बरेच आठवडे झाले, पण माझा राग उतरत नाही. त्या माणसावरचा नाहीच, दिनेशवरचाही नाही.

'परत' म्हणजे यॉर्कनंतर. आम्ही तिघं इंग्लंडला फिरायला गेलो होतो. जुन्या तटबंदीजवळचा एक पब दिनेशनेच शोधला. आत मान वाकवायला लावणाऱ्या काळ्या तुळया तशाच ठेवलेल्या, पण भिंत पाडून काचेआड चकचकीत स्वयंपाकघर केलेलं, आणि मासे-बटाटे यायचे ते ताटलीऐवजी सपाट काळ्या दगडी पाटीवर. "आता जेवू की बाराखडी गिरवू?" दिनेश म्हणाला. हा पठ्ठ्या ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय घास घ्यायचा नाही, समोर बिअर असली तरी. "माशाला कसली चित्राहुती घालतोस, देव पळून जाईल," मी चिडवलं. त्याने हसत पाणी फिरवलं. पाटीला काठ नाही, लांबलचक टेबल एका अंगाला कललेलं… पाणी ओघळत गेलं ते थेट पलीकडे बसलेल्या दारुड्याच्या मांडीवर.

दिनेशने हात जोडले. त्या दांडगटाने शिवी हासडून त्याची कॉलर धरली आणि डोकं तुळईवर आपटलं. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी दिनेश "सॉरी, सॉरी" म्हणत होता. तेवढ्यात सोडवायला आलेल्या वेट्रेसला त्या दारुड्याने कोपराने हाणून पाडलं, आणि आमचा गरीब गाय दिनेश पिसाळला. ग्लास फुटले, बाक उलटले. तो त्या दांडगटाच्या छातीवर बसून तोंडावर गुद्दे घालत राहिला, थांबेचना. वसुधा ओरडत होती, मी मागून ओढत होतो. बाहेर आल्यावर रुमाल भुवईवर दाबत म्हणाला, "यार, माझं डोकं फोडलं तोवर ठीक होतं. पोरीवर कशाला हात टाकायचा?" वसुधाने तिथेच, रस्त्यावर, त्याला स्वतःची शपथ घातली, पुन्हा कुणाच्या मारामारीत पडणार नाहीस म्हणून. त्याने मान डोलावली. एरवी शब्दाचा पक्का माणूस.

परवा मी श्रूजबरीहून, देशाच्या दुसऱ्या टोकाहून, रेडमंडला त्यांच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर दिनेशच्या जागी पाण्याने पॉलिश उडून एक पांढुरकं वर्तुळ पडलंय. त्यावरून वसुधा त्याच्याशी किती भांडायची! मी नकळत तिथेच बसायला गेलो, तर त्यांची शाळकरी लेक इरा म्हणाली, "काका, नॉट देअर. दॅट्स बाबाज्." मी बाजूला सरकलो. तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि त्या वर्तुळावरून हळूहळू सोडलं. आत ताट नव्हतं. पाणी पसरत कडेपर्यंत आलं. वसुधा फडकं आणायला उठली नाही. मी टेबलाच्या कडेखाली हात धरला.