निम्मं केलेलं फिन

दोन हजार सालानंतर मी कागल एमआयडीसीत फायबरचं काम करायचो. माझ्या मित्रानं गोव्यातून लाटांवर उभं राहायची जुनी, लांब फळी आणली. तिच्या शेपटाखाली माशाच्या परासारखं मोठं फिन होतं. त्यामुळं फळी सरळ, स्थिर धावायची.

"वळतच न्हाय की ही!" तो वैतागला.

मी निम्म्या आकाराचं फिन करून दिलं. मालवणला फळी झकास वळली. मग एका उंच लाटेवर त्या फिनची पकड सुटली, शेपूट घसरलं आणि फळी त्याच्या मानेवर आदळली. तेव्हापासून त्याचे हातपाय हलत नाहीत.

त्याच्या आईनं विचारलं, "कसं झालं रं हे?"

"लाट मोठी होती, काकू."

तो खाटेवरून माझ्याकडं बघत होता.