गोऱ्या बाईच्या हाताचे फोड

गिरणीत नाचणीच्या पिठाचा वास आला की आहुपे गावातली आमची ओसरी आठवते. नव्वद सालानंतर तिथं स्कॉटलंडची एक इतिहासकार बाई आली होती. तिकडच्या जुन्या राजांच्या काळातल्या लोककथांवर तिची पुस्तकं होती आणि आता तिला आमच्या देवराईची गाणी हवी होती. मराठी मोडकं बोलायची. सासूबाई म्हणाल्या, "जात्याबिगर ववी येत न्हाई. बसा दळायला." ती बसली. सासूबाईंच्या ओवीत देवी म्हणते, राई तोडू नका. सासरे गावातले मोठे, राईतली झाडं ठेकेदाराला द्यायला निघालेले. तेही तिथंच सुपारी कातरत बसले होते. सासूबाईंनी बाईला विचारलं, "तुमच्याकडं हाय का अशी राई?" "होती. तोडली. आता फक्त गोष्ट आहे." सासरे हसून म्हणाले, "मंग हितं हात सोलून घ्यायला कशाला आलात, बाई?" ती म्हणाली, "गोष्टीला सावली नसते, बाबा." दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला चहा पाजून सासऱ्यांनी परत पाठवलं. राई अजून उभी आहे. नातवंडं आता सांगतात, देवीच गोऱ्या बाईचं रूप घेऊन आली होती. तिच्या तळहातांना खोबरेल मी लावलं होतं. देवीला फोड येत नाहीत.