जनाज्याच्या नमाजेचा हक्क

पन्नाशी उलटल्यावर सत्ता हा शब्द मला नुसता थकवतो. १९७० च्या आसपास कतारमधल्या दोह्यात तो सगळ्यांच्या तोंडी होता. इंग्रज जाणार आणि आखातातल्या नऊ अमिरातींचा एक संघ होणार, अशी बोलणी चालली होती. प्रत्येक शेख आपल्या घरी सार्वभौम राहणार, काही अधिकार संघाला देणार. कुठले द्यायचे, यावर सारे अडले होते.

त्याच सुमारास आम्हा कोकणी मुसलमानांनीही संघ केला. गावाकडच्या खाडीच्या अल्याड-पल्याडच्या दोन गावांच्या जमाती दोह्यात वेगळ्या नांदत. त्यांची एक संयुक्त जमात झाली. मी कचेरीत टंकलेखक, म्हणून घटना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती अभिमानाने लिहिली. निकाह-तलाक ज्याच्या त्याच्या गावाकडे. आजारपण, ईदची दावत आणि मयत संयुक्त जमातीकडे. आमच्या गावचे वडीलधारे चाचा सदर, म्हणजे अध्यक्ष झाले, पण त्यांनी दोन्ही गावांच्या समितीच्या सल्ल्यानेच वागायचे.

“म्हणजे गादीवर बसवलंस आणि तोंड बांधलंस,” सुपारी कातरत चाचा म्हणाले.

“इंग्लंडच्या राणीचंही असंच असतं, चाचा.”

“तिला राजवाडा तरी आहे रे. इथे तिघांत एक पंखा.”

उन्हाळ्यात पल्याडच्या गावचा एक वेल्डर वारला. त्याचा धाकटा भाऊ इथेच सुतारकाम करी. गुसलची आंघोळ झाली, कफन झाले, आणि कबरस्तानाच्या भिंतीपाशी वाद पेटला: नमाज कोणी पढवायची?

“मयत आमच्या गावचा, इमाम आमचाच,” पल्याडचे म्हणाले.

“मयत संयुक्त जमातीकडे आहे, घटना वाचा!” आमचे ओरडले.

मी वाचली. इमामतीबद्दल तीत अवाक्षर नव्हते.

“चाचा, तुम्हीच सांगा,” मी म्हणालो.

“मी कसा सांगू? सल्ला आला की बोलेन,” चाचा म्हणाले, आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी घटनेची पाने पुन्हा चाळू लागलो.

जनाजा उन्हात होता. धाकटा भाऊ आपला डोक्याचा रुमाल दोन्ही हातांनी त्यावर धरून केव्हाचा उभा होता. अखेर तोच बोलला.

“खलास करा आता. भाऊ तापतोय माझा.” मग चाचांकडे वळून, अदबीने, “नमाज मी पढवू का?”

आम्ही सारे शाफई पंथाचे. या नमाजेचा पहिला हक्क जवळच्या वारसाचा, हे आम्हाला मदरशापासून ठाऊक होते. अधिकारांच्या वाटपाच्या नादात कुणालाच आठवले नव्हते.

“तुझाच हक्क आहे, बाळा,” चाचा म्हणाले. सल्ल्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

त्याच्यामागे दोन्ही गावे एकाच सफेत, एका रांगेत उभी राहिली. तिसऱ्या तकबीरीला, ‘अल्लाहु अकबर’ म्हणताना, त्याचा आवाज फुटला. चौथी त्याने सावरून म्हटली.

पुढच्या बैठकीत कुणीतरी सुचवले, नमाज कोणी पढवायची याचेही एक कलम घाला. मी पेन उघडले. चाचांनी सुपारी कातरायची थांबवून माझ्याकडे पाहिले. मी पेन पुन्हा मिटले.