मनगटावरचा विंचू

मंडळी, हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं होतं. आज दुपारी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "अंगावर गोंदण आहे का?"

मी बाही वर केली. मनगटावर विंचू. कॉलेजात असताना जत्रेत मी आणि माझ्या दोस्तानं, संज्यानं, एकाच सुईनं काढून घेतलता, ते सांगितलं.

"हिपॅटायटिस सी आहे तुम्हाला. बहुतेक तेव्हापासूनच."

"पण मला काय बी त्रास न्हाय की!"

"तेच तर. हा विषाणू सुईवरच्या रक्तातून शिरतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि लिव्हर खातो. तुमचं अजून फारसं बिघडलेलं नाही. तीन महिने गोळ्या घ्या, बहुतेक पूर्ण बरे व्हाल."

मला संज्या दिसायला लागला. गेल्या वर्षी लिव्हर खराब होऊन गेला. दारूला कधी शिवला न्हाय, तरी गल्ली म्हणायची, चोरून पीत असणार.

घरी आल्यापासनं विंचवाकडं बघत बसलोय. जरासुद्धा फिकट झाला न्हाय.

आणि आता आठवतंय, आमच्या मागं रांग पार जत्रेतल्या मोठ्या पाळण्यापर्यंत गेलती. पोरं हसत, बाह्या वर करून उभी. सुई तीच.

त्या रांगेत तुम्ही होता का?