खिडकी लावायला सांगितली तेव्हा

सांगलीला मी एकाच वेळी दोन गोष्टी शिकत होते. सकाळी समाजशास्त्राचं एम.ए. आणि संध्याकाळी मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदविका. सकाळचे सर सांगायचे, माणूस एकटा कधीच येत नाही. त्याची जात, नाती, गाव, शेत असं सगळं लटांबर त्याच्या मागून येतं. संध्याकाळचे सर सांगायचे, मुलाखतीच्या खोलीत उमेदवार आला की हे सगळं बाहेर राहतं आणि टेबलासमोर बसते ती फक्त पात्रता. मी दोन्हीकडे मान डोलवायची आणि दोन्हीकडे पहिली यायची. या दोघांपैकी एकजण थापा मारतोय, हे मला कुणी सांगितलं नाही. त्याचा राग मला आजही येतो.

आमचं गाव लोणंदच्या बाजूला. वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. भावकीत पोरीला एवढं शिकवायची पद्धत नव्हती. "होस्टेलवर ठिवलीया, एक दिस नाक कापून हातात देईल," असं चुलते आबांच्या तोंडावर म्हणायचे. आबांनी त्यांना दाद दिली नाही, पण माझ्याशी मात्र करार केला. पदविका संपेपर्यंत नोकरी लागली तर घरात माझ्या लग्नाचा विषय निघणार नाही. नाही लागली तर ते आणतील त्या स्थळापुढं मी मुकाट्यानं बसायचं. आबा शब्दाचे पक्के होते आणि मी त्यांचीच मुलगी. त्यामुळे नोकरी म्हणजे माझ्यासाठी पगार नव्हता, मान सोडवून घ्यायचा तेवढा एकच मार्ग होता.

अभ्यासक्रमात नुकतंच 'पर्सोनेल' जाऊन 'ह्यूमन रिसोर्स' आलं होतं, ते दिवस. सांगलीजवळच्या एका सूतगिरणीत सहायक कामगार कल्याण अधिकाऱ्याची जागा निघाली. गिरणीत निम्म्याहून जास्त कामगार बायका. सर म्हणाले, "ही जागा तुझीच समज." मी झपाटल्यासारखा अभ्यास केला.

मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडे गिरणीचे एक संचालक आणि व्यवस्थापक बसले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर नऊवारी नेसलेल्या एक वयस्कर बाई होत्या. कामगार बायकांच्या बाजूनं कुणाला तरी मुलाखतीला बसवलंय, असं वाटून मला गिरणीबद्दल आदरच वाटला. व्यवस्थापकांनी पाळणाघराचे नियम विचारले, तक्रार निवारणाच्या पायऱ्या विचारल्या. मी धडाधडा उत्तरं दिली. ते खूश झालेले दिसत होते. मग संचालकांनी सुरुवात केली.

"गाव कुठलं म्हणायचं?"

सांगितलं.

"आणि मामा कुठले?"

"आटपाडीकडचे."

"शेती हाय का त्यांची?"

उमेदवाराची सामाजिक पार्श्वभूमी तपासताहेत, असं मी मनात म्हटलं. पुस्तकात तसं होतं.

"स्वयंपाकाचं काय?" त्यांनी विचारलं. मी कँटीन समितीत कामगार बायकांना का घ्यायला हवं, यावर बोलायला लागले. संचालक गालातल्या गालात हसले. मग म्हणाले, "बाळ, ती खिडकी जरा लावता का? धूळ येतीया."

मी उठले, चालत गेले, खिडकी लावली, परत येऊन बसले. कोपऱ्यातल्या बाईंनी माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत नजर नेली आणि संचालकांकडे बघून मान हलवली.

बाहेर बाकावर आमच्या संध्याकाळच्या वर्गातला, शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. मी त्याला शुभेच्छा दिल्या. तो नुसता ओशाळवाणा हसला.

वर्गात मी खिडकीचा किस्सा रंगवून सांगितला. सर एकदम खुलले. उमेदवार सांगितलेलं काम किती सहजपणे करतो, हे बघायची ही चाचणी असते म्हणाले, आणि त्यांनी फळ्यावर ते उदाहरण म्हणून लिहून दिलं. सगळ्या वर्गानं उतरवून घेतलं. सरांच्या बायकोलाही कुणीतरी असंच चालवून बघितलं असणार, माझ्या मैत्रिणींच्या घरी तर दर उन्हाळ्यात हेच चालायचं. पण खुर्ची-टेबल आणि पंखा दिसला की आमच्या डोळ्यांवर झापडं येत.

चार-आठ दिवसांत होस्टेलवर फोन आला, ताबडतोब घरी ये. आबांच्या आवाजात कधी नव्हे ती खुशी होती. मी साताऱ्याच्या स्टँडवर उतरून कंदी पेढे घेतले आणि लोणंदची एसटी पकडली. वाटेत खिडकीशी बसून मी नुसती हसत होते. शेजारची बाई माझ्याकडे वळून वळून बघत होती.

अंगणात जीप उभी होती. आईनं मला मागच्या दारानं आत ओढलं, हातातला पेढ्यांचा पुडा घेतला आणि म्हणाली, "आधी साडी नेस. पाव्हणं कवाचं आल्यात."

"कसले पाव्हणे?"

"गिरणीचं. लय मोठं स्थळ हाय गं."

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले, कारण काय चाललंय हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. तेच संचालक, कोपऱ्यातल्या त्याच नऊवारीतल्या बाई, आणि त्यांच्यामध्ये बाकावरचा तो मुलगा. बाई संचालकांची बहीण होती. मुलगा तिचा.

"सुभेदार, मुलगी आमी बघितलीया," संचालक आबांना म्हणाले. "चालणं, बोलणं, समदं बघितलंय. आता नुसता रिवाज म्हणून आलोय. आमचा भाचा सोमवारपासनं गिरणीतच लागलाय, कल्याण अधिकारी म्हणून."

माझ्या कानांत गरम तेल ओतल्यासारखं झालं. ट्रेमधल्या बशा मी कशाबशा तिघांच्या हातात दिल्या.

"आणि माझा निकाल?" मी विचारलं.

"त्योच तर घिऊन आलोय, बाळ! पसंत!" आणि ते मोठ्यानं हसले. बाई हसल्या, दारामागची आई हसली. आबाही हसले. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

"मी नापास झाले होते का?"

"छ्या! तुमच्यावाणी उत्तरं कुणीच दिली न्हाईत. म्हणून तर आलो. पण आमच्या घरच्या सुनंनं गिरणीत बायकांच्या पाळ्या बघत कशाला हिंडायचं? काय ते नवऱ्याला घरात बसून सांगा. त्योबी हुशार व्हईल."

मी मुलाकडे वळले. तो बशीतले शेंगदाणे वेचून खात होता.

"तुला काय काय विचारलं मुलाखतीत?"

त्यानं मामांकडे बघितलं. खोटं बोलायचंही त्याला जमत नव्हतं. "काय न्हाई. मामा म्हणाले, सोमवारपासनं ये."

"खिडकी लावायला सांगितली?"

"कुठली खिडकी?"

मी पुढं झाले आणि संचालकांच्या हातातली अर्धी खाल्लेली पोह्यांची बशी काढून घेतली. त्यांचा चमचा हवेतच राहिला. आमच्याकडे वैऱ्याच्याही पुढचं ताट असं कुणी ओढत नाही. "अगं ए!" आई दारातून ओरडली. मी बाईंची बशी घेतली, मुलाची घेतली, आणि तिन्ही आत नेऊन मोरीत आदळल्या. एक फुटली. बाहेर बाई म्हणत होत्या, "तोंड हाय लय पोरीला. बरं झालं, आधीच कळलं." मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

आई रडायला लागली. आता चुलते काय म्हणतील, आटपाडीला भावाला काय सांगू, असं तिचं चाललं होतं. मी मोरीशीच उभी होते. मला रडू येत नव्हतं, पुन्हा एखादी बशी फोडावी असं वाटत होतं. आबा आत आले की कानाखाली बसणार, हे मी धरून चालले होते. आणि वर करार होताच. पदविका संपत आली होती आणि नोकरी लागली नव्हती. शब्दाप्रमाणे पुढच्या स्थळापुढं मला बसायलाच हवं होतं.

आबा आले. फुटकी बशी बघितली. चुलीपाशी पाट ओढून बसले.

"खिडकी कसली गं?"

मी सगळं सांगितलं. मामाचं गाव, स्वयंपाक, धूळ, कोपऱ्यातली बाई. ते ऐकत राहिले.

"भरतीला आमालाबी उघडं हुबं केलं व्हतं," आबा म्हणाले. "छाती मोजली, दात बघितलं, पळवलं. जनावरावानी बघितलं." त्यांचा आवाज चढला. "पर समद्यांना बघितलं. साहेबाचा भाचा बाकावर बसवून आमाला एकट्याला न्हाई पळवलं."

आई म्हणाली, "आवं, पर आता भावकीत..."

आबांनी फळीवरचा पेढ्यांचा पुडा काढला. पाहुण्यांना देऊन अर्धाच उरला होता. तो त्यांनी आईच्या हातात दिला.

"भावकीत वाटून ये जा."

"काय म्हणून सांगू?"

"पोरगी पास झाली म्हणून सांग," आबा म्हणाले. "आन् नोकरी नापासाला दिली, तेबी सांग."